गहू, तांबेरा आणि आपली खपली

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. त्यांच्या पंक्तीला बसून आम्ही गव्हाच्या रोगावर बोलणार म्हणताच काही मित्रांच्या भुवया उंचावल्या. आम्ही पेशाने सरकारी अधिकारी आणि शिक्षणाने बी. ए.; वनस्पतिशास्त्र हा आमचा अभ्यासक्रम कधीच नव्हता. परंतु नोकरीचा मोठा काळ राजधानीत गेला, अन्नधान्याचे आकडे फायलींतून डोळ्यांखालून गेले, आणि त्या आकड्यांमागे काय दडले आहे याचे कुतूहल जडले ते जडलेच. शिवाय नोएडा, फरिदाबाद, गाझियाबाद, गुडगाव येथील ज्या वसाहतींतून आज आपण या सभागृहात आला आहात, त्यांतील बऱ्याच जागी एके काळी गव्हाचीच शेते होती. तेव्हा गव्हाविषयी दोन शब्द ऐकून घेण्याचे थोडेसे ऋण आपल्या माथी आहेच!

गव्हाचा एक जुना शत्रू आहे. आपण त्याला तांबेरा म्हणतो, काही भागांत गेरवा म्हणतात, आणि येथील हिंदी शेतकरी त्याला गेरुई किंवा रतुआ म्हणतो. नावे निराळी असली तरी सर्वांत एकच रंग आहे. पिकावर गंज चढावा तसे पानांवर आणि खोडावर तांबूस, पिवळे फोड उठतात. जानेवारी-फेब्रुवारीत हरियाणातील रोगट शेतातून चालत गेल्यास विजारीला हळदीसारखी पूड चिकटते. तो पिवळा तांबेरा. पानांवर नारिंगी ठिपके पाडणारा दुसरा, आणि खोडाला ग्रासून अखेरीस काळा पडणारा तिसरा. तिघेही बुरशीच्या कुळातले, आणि तिघेही परोपजीवी.

परोपजीवी म्हटले की आपल्यासमोर लुटारूचे चित्र उभे राहते. पण बुरशींमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ यजमानाला आधी ठार करतो आणि मग त्याच्या प्रेतावर जगतो. तांबेरा दुसऱ्या पंथातला. त्याला जिवंत यजमान लागतो. त्याचा सूक्ष्म बीजाणू वाऱ्याबरोबर पानावर येऊन पडतो. दवाचा ओलावा काही तास टिकला की तो रुजतो, पानाच्या श्वासरंध्रातून आत शिरतो आणि पेशीच्या भिंतीला छिद्र पाडून आत एक चोषकांग घालतो. पेशी मरत नाही; ती राबत राहते आणि तिची कमाई पाहुणा खातो. आठ-पंधरा दिवसांत पानाची त्वचा फाटून फोड बाहेर येतो आणि त्यातून हजारो नवे बीजाणू वाऱ्यावर स्वार होतात. दाण्यात भरावयाचे सत्त्व बुरशीत गेल्यामुळे दाणा चिंबून जातो. यजमान मेला तर पाहुणाही संपला, अशा नात्याने बांधलेली ही जोडी आहे. त्यांच्या उत्क्रांतीची कथा म्हणूनच निराळी काढता येत नाही. एकाने पाऊल टाकले की दुसऱ्याला टाकावे लागते.

या जोडीतील पहिले आश्चर्य म्हणजे पाहुण्याचा चोखंदळपणा. जवसावरचा तांबेरा गव्हावर वाढत नाही आणि गव्हावरचा जवसावर वाढत नाही. हे आज आपण सहज म्हणतो, पण पूर्वी तसे नव्हते. स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासग्रंथात नर्मदाकाठच्या गव्हावर पडलेल्या रोगाचे वर्णन केले आहे. तेथील शेतकऱ्यांचा संशय शेजारच्या अळशीवर, म्हणजे जवसावर होता, असे तो लिहितो. दोन्ही पिकांवर सारखेच तांबडे फोड पाहून त्या शेतकऱ्यांनी जो तर्क केला तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. निरीक्षण अचूक होते. निष्कर्ष मात्र चुकला होता. पुढे स्वीडनच्या एरिकसनने १८९४ मध्ये दाखवून दिले की, एकाच काळ्या तांबेऱ्याच्या आतही गव्हापुरता निराळा, ओटपुरता निराळा, राय धान्यापुरता निराळा असे प्रकार असतात. दिसायला एकच कूळ, पण प्रत्येकाचे यजमानघर वेगळे. मग अमेरिकेच्या स्टॅकमनने आणखी खोल जाऊन दाखविले की, गव्हाच्या तांबेऱ्यातही अनेक प्रभेद आहेत. एक प्रभेद गव्हाच्या एका वाणाला ग्रासतो आणि दुसऱ्यापुढे हात टेकतो.

आता आपल्या देशातील, आणि दिल्लीपासून फार दूर नसलेल्या एका प्रयोगशाळेकडे वळू. आग्र्याच्या महाविद्यालयात करमचंद मेहता नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांना एक साधा प्रश्न पडला. उत्तर भारतातील मे-जूनच्या उन्हात गहू शेतात नसतो आणि तांबेऱ्याचा बीजाणू त्या उष्णतेत जिवंत राहत नाही. मग पुढच्या हिवाळ्यात तो येतो कोठून? युरोप-अमेरिकेत याचे उत्तर दारुहळदीच्या कुळातील एका झुडपात सापडले होते. काळ्या तांबेऱ्याचा अर्धा संसार गव्हावर आणि अर्धा त्या झुडपावर चालतो, हे जर्मनीच्या डी बारी याने १८६५ मध्ये सिद्ध केले होते. आपल्या हिमालयातही दारुहळद भरपूर आहे. परंतु मेहतांनी वर्षानुवर्षे ठिकठिकाणी काचपट्ट्या लावून हवेतील बीजाणू पकडले, डोंगराळ भाग पायाखाली घातले, आणि निष्कर्ष काढला की भारतात दारुहळदीचा या रोगाशी व्यवहारात संबंध नाही. उन्हाळाभर तांबेरा थंड डोंगरांवरच्या गव्हावर तग धरतो आणि तेथून वाऱ्याने मैदानात उतरतो. १९४० मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, १९५० मध्ये ते निवर्तले.

पुढे पुसा संस्थेतील शास्त्रज्ञ जोशी आणि नागराजन यांनी काळ्या तांबेऱ्याचा मार्गच आखून दाखविला. निलगिरी आणि पलनीच्या डोंगरांतून बीजाणू उठतात, नोव्हेंबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर उत्तरेकडे वाहत येतात आणि मध्य भारतावर पावसासोबत खाली उतरतात. महाराष्ट्र या वाटेवरच आहे. १९४६-४७ च्या हंगामात याच काळ्या तांबेऱ्याने मध्य भारतात हाहाकार माजविला. वीस लाख टनांच्या आसपास गहू गेल्याचा अंदाज तेव्हा केला गेला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, धान्याचे रेशनिंग चालू असताना हे नुकसान काय अर्थाचे होते, हे आपल्यातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आपल्या महाबळेश्वरला पर्यटक म्हणून आपण अनेकदा गेलो असू. तेथे स्ट्रॉबेरीच्या मळ्यांच्या शेजारी गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

आणि पुसा म्हणजे तरी काय? ती संस्थाही आपल्यासारखीच स्थलांतरित. मूळची ती बिहारातील पुसा गावची. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला आली. येताना गावाचे नाव बरोबर घेऊन आली. येथेच बेंजामिन पिअरी पाल यांनी तांबेऱ्याला तोंड देणारे गहू संकराने घडविले, त्यांचा एन.पी. ८०९ हा वाण तिन्ही तांबेऱ्यांना दाद देत नसे. याच संस्थेत बुरशीशास्त्राचे काम करणारे बी. बी. मुंडकूर यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये वनस्पतिरोगशास्त्रज्ञांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली.

येथवर कथा सोपी वाटते: रोगाला दाद न देणारा गहू शोधा, पेरा आणि निश्चिंत व्हा. तसे का होत नाही, याचे उत्तर एका जवसाच्या शेतातून आले. नर्मदाकाठच्या शेतकऱ्यांनी ज्या पिकाला दोषी ठरविले होते त्याच पिकाने हे कोडे सोडवावे, हा योगायोग आम्हाला मोठा गोड वाटतो. अमेरिकेच्या नॉर्थ डाकोटा राज्यात हॅरल्ड फ्लोर नावाचे शास्त्रज्ञ जवसावरील तांबेऱ्याचा अभ्यास करीत होते. त्यांनी जवसाचे दोन वाण घेतले. एकाचे नाव 'ओटावा ७७०-बी'. आणि दुसऱ्याचे नाव, आपल्याला ऐकून आनंद होईल, 'बॉम्बे'! तांबेऱ्याचेही दोन प्रभेद घेतले. एक प्रभेद ओटावाला ग्रासत असे पण बॉम्बेपुढे निष्प्रभ ठरे. दुसऱ्याचे नेमके उलटे. फ्लोर यांनी जवसाचा जवसाशी संकर केला, एवढ्यावर न थांबता बुरशीचा बुरशीशीही संकर केला, आणि दोन्हींच्या नातवंडांचा हिशोब मांडला. निष्पन्न असे झाले की, यजमानातील प्रतिकाराच्या प्रत्येक जनुकासमोर पाहुण्यात नेमके एक जनुक उभे असते. जनुकास जनुक, कुलपास किल्ली.

याचे कारण पुढे उलगडले. बुरशी पेशीत शिरताना काही प्रथिने आत पाठविते. त्यांचे काम पहारेकऱ्याला झोपविणे. यजमानाच्या प्रतिकार-जनुकाचे काम त्या प्रथिनांपैकी एखादे ओळखणे. ओळख पटली की हाकाटी होते आणि बुरशी जेथे शिरली त्या पेशी स्वतःच मरून जातात. जिवंत पेशीवाचून न जगणारा पाहुणा त्या मेलेल्या पेशींच्या वेढ्यात उपाशी मरतो. परंतु पहारेकरी चोराला एकाच खुणेने ओळखतो, समजा त्याच्या पागोट्यावरून. लक्षावधी चोरांतील एखाद्याने योगायोगाने पागोटे बदलले, तर तो बिनबोभाट आत येतो. आणि साऱ्या गावात एकच पहारेकरी असेल तर? मग त्या एका चोराची प्रजा साऱ्या गावाची मालक होते.

हे कल्पनेतले नव्हे. १९६७ च्या सुमारास आलेल्या 'कल्याण सोना' या गव्हाने देशाचे नशीब पालटले. तो पंजाबपासून बिहारपर्यंत पसरला. १९७० नंतरच्या काही वर्षांतच नारिंगी तांबेऱ्याने त्याची किल्ली मिळविली. मग १९९५ मध्ये 'पीबीडब्ल्यू ३४३' आला. उत्तर भारतातील लक्षावधी हेक्टरांवर त्याचे राज्य होते. २००० नंतर पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या प्रभेदाने ते खालसा केले. इंग्रजीत या क्रमाला भरभराट आणि दिवाळे असे म्हणतात. यात वाणाचा दोष नाही, शास्त्रज्ञाचाही नाही. दोष असला तर एकसारखेपणाचा. जो वाण जितका यशस्वी, तितका तो अधिक पेरला जातो. जितका अधिक पेरला जातो, तितके बुरशीला त्याची किल्ली सापडण्याचे बक्षीस मोठे. निसर्गात हे असे घडत नाही. गव्हाचे रानटी भाऊबंद पश्चिम आशियातील टेकड्यांवर आजही उगवतात. त्यांच्यातही तांबेरा असतो, पण प्रत्येक रोपाचे कुलूप थोडे निराळे असते. कोणी कोणाला नामशेष करीत नाही. हजारो वर्षे हा तराजू हलत राहतो, पण कलंडत नाही.

या साऱ्या कथेत आपल्या महाराष्ट्राचा वाटा कोठे आहे, हे सांगण्यासाठीच खरे तर आम्ही उभे राहिलो आहोत. सांगली, सातारा, कोल्हापूर, बेळगाव या भागांतील मंडळींना खपली गहू सांगावयास नको. गव्हाच्या अति प्राचीन जातींपैकी ही एक. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणसाने प्रथम जी धान्ये पेरली त्यांत तिची पूर्वज होती. मळणी झाली तरी तिचे टरफल सुटत नाही, ते कांडून काढावे लागते. उतारा कमी, खटाटोप जास्त. पण खपलीची खीर आणि खपलीच्या रव्याची गोडी ज्याने चाखली आहे तो दुसऱ्या गव्हाकडे ढुंकून पाहत नाही. आपल्यातील कितीतरी घरी गोवा एक्स्प्रेसने येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात खपलीची एक पिशवी असतेच, आणि येथील चक्कीवाल्याला "भाईसाब, इसे अलग पीसना" असे बजावावे लागते.

ही खपली गेल्या शतकाच्या आरंभीच अमेरिकेत पोहोचली होती. स्टॅकमन यांनी काळ्या तांबेऱ्याचे प्रभेद ओळखण्यासाठी बारा गहू कसोटीचे म्हणून निवडले. त्यांतील एकाचे नाव 'खपली'. म्हणजे जगातील प्रयोगशाळांतून तांबेऱ्याची परीक्षा घेणाऱ्यांच्या तोंडी अनेक दशके एक अस्सल मराठी शब्द होता! ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊस यांनी खपलीचा तेथील गव्हाशी संकर केला. त्या वाणाचे नाव 'खपस्टाइन'. खपलीतील एका प्रतिकार-जनुकाला शास्त्रज्ञांनी 'एसआर-१३' असा क्रमांक दिला.

मग १९९९ साल उजाडले. आफ्रिकेतील युगांडा देशात काळ्या तांबेऱ्याचा एक नवा प्रभेद नोंदविला गेला. देशाच्या आणि वर्षाच्या नावावरून त्याला 'युजी-९९' म्हणतात. राय धान्यातून गव्हात आणलेले जे जनुक जगभरच्या गव्हांचे रक्षण करीत होते, त्याची किल्ली या प्रभेदाजवळ होती. तो केनिया, इथिओपिया, येमेन आणि २००७ मध्ये इराणपर्यंत आला. नॉर्मन बोरलॉग तेव्हा नव्वदीच्या घरात होते. त्यांनी जगाला सावध केले, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये याच विषयावर दिल्लीत आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्या संकटात जी थोडी जनुके उपयोगी पडतील असे दिसून आले, त्यांत खपलीचे एसआर-१३ होते. २०१७ मध्ये शास्त्रज्ञांनी ते जनुक वेगळे काढून त्याची रचना वाचली. युजी-९९ भारतात पोहोचल्याची नोंद आजवर नाही. परंतु वारा पारपत्र मागत नाही.

येथे टाळ्या वाजवून थांबता आले असते. पण सत्य त्याहून थोडे कडू आहे. खपलीच्या या जनुकाच्या एका रूपावर मात करणारा प्रभेदही इथिओपियात आढळला आहे. म्हणजे खपली हा रामबाण नव्हे. रामबाण असा काही नसतोच. उलट जी जनुके बुरशीला साफ बंदी करीत नाहीत, केवळ तिची वाढ मंद करतात, तीच अधिक टिकली आहेत. खपलीच्याच कुळातल्या एका रशियन गव्हातून १९२० च्या दशकात मॅक्फॅडन यांनी मिळविलेले 'एसआर-२' हे जनुक शंभर वर्षांनंतरही उपयोगी आहे. पाहुण्याला घरात थोडी जागा द्यावी, पण कोठाराच्या किल्ल्या देऊ नयेत, असा काहीसा हा शहाणपणा आहे. आजचे शास्त्रज्ञ अशी अनेक मंद जनुके एकत्र गुंफतात. पुसा आणि लुधियाना येथे तर कल्याण सोनाच्या पाडावानंतर दिसायला एकसारखे पण आतून निरनिराळी कुलपे असलेले वाण एकत्र मिसळून पेरण्याचा प्रयोगही झाला होता.

आता मुख्य प्रश्न. खपली पेरणार कोण? उताऱ्याच्या शर्यतीत ती मागे पडली आणि तिचे क्षेत्र आक्रसत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बुटक्या खपलीचा 'एमएसीएस २९७१' हा वाण काढला, ही समाधानाची गोष्ट आहे. येथे पुसा परिसरातच राष्ट्रीय जनुकपेढी आहे. तेथे शून्याखाली अठरा-वीस अंशांवर हजारो वाणांचे बियाणे निजलेले आहे. ते असणे अत्यावश्यकच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेढीतले बियाणे जेथल्या तेथे थांबते. तांबेरा थांबत नाही. जो दाणा दरवर्षी मातीत पडतो, दव सोसतो, रोगाला तोंड देतो, त्याच्याच वंशात बदल घडत राहतात. उत्क्रांती पेढीत होत नाही, शेतात होते. म्हणून शेतातली खपली आणि पेढीतली खपली या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दोन्ही हव्या आहेत.

आपण या मंडळात मुलांना मराठी शिकविण्यासाठी वर्ग चालवितो. कपाटातील ग्रंथ पुरेसे असते तर वर्गांची गरज नव्हती. भाषा बोलण्यात राहिली तरच ती नव्या काळाला तोंड देते, हे आपण पन्नास वर्षांत अनुभवले आहे. बियाण्याचेही तसेच असावे असे आम्हाला वाटते. ही तुलना फार ताणीत नाही.

आमची विनंती अगदी व्यवहाराची आहे. गावी गेलात की खपली विकत आणा, आणि शक्यतो पिकविणाऱ्याच्याच दारातून आणा. चार पैसे अधिक पडतील; ते द्या. ज्या पिकाला भाव आहे ते पीक शेतकरी सोडीत नाही, हे त्या साऱ्या सरकारी आकड्यांनी आम्हाला शिकविले आहे. आपल्या प्रत्येक घरात वर्षाला दहा किलो खपली आली, तरी पाठीमागे कोठेतरी कृष्णाकाठी एक तुकडा तिच्यासाठी राखला जाईल. त्या तुकड्यात तांबेराही येईल. येऊ द्यावा. जुने यजमान आणि जुना पाहुणा एकमेकांना पारखत राहतील, आणि त्या पारखण्यातून उद्याच्या गव्हाला लागणारे एखादे कुलूप घडत राहील.